रिव्ह्यूत टॅब मोजायचे की अजून काही?

प्रश्न: सर, मी हिंगणा एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे, लिनक्सवर चालणारं तापमान मोजायचं बोर्ड बनवतो आम्ही, त्याचा ड्रायव्हर (चिपशी बोलणारा प्रोग्रॅम) मी लिहिला. रिव्ह्यूत, म्हणजे कोडच्या तपासणीत, सिनियरनं २७ रिमार्क दिले, जवळपास सगळेच टॅब, स्पेस अन् कंसावर. ते दुरुस्त केले, कोड पास झाला. पण मनाला पटत नाहीये. रिव्ह्यूत नेमकं बघायचं काय?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर: तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. टॅब-स्पेस बघायला माणूस कशाला लागतो, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्समध्येच चेकपॅच नावाची स्क्रिप्ट आहे, ती पॅचवर (तुमच्या बदलांच्या फाइलवर) चालवा, ५ मिनिटांत हे सगळे रिमार्क तीच देते, मग सिनियरचा वेळ खऱ्या कामाला उरतो. पण स्टाईल फालतू आहे असं मात्र समजू नका हं. कर्नलमध्ये टॅब ८ अक्षरांचा ठेवतात अन् ३ च्या वर पायऱ्या आत जायला लागल्या तर कोडच नीट लिहा म्हणतात, कारण इतक्या आत गेलेल्या कोडमध्ये एरर आल्यावर काय होतं ते डोळ्याला दिसतच नाही.

आणि ड्रायव्हर मरतो तो तिथंच. एक उदाहरण सांगतो, हे मी स्वतः रिव्ह्यूत पास केलंय अन् नंतर लई त्रास झालाय. इंटरप्टचा (चिप सीपीयूला मारते त्या हाकेचा) नंबर ठेवायला अनसाइन्ड इंट, ज्यात उणे आकडा बसत नाही, तो घेतला होता, खाली तो शून्याहून कमी आहे का असा चेक पण होता, दिसायला एकदम छान. आता तो नंबर देणारं फंक्शन प्लॅटफॉर्म गेट आयआरक्यू फेल झालं की उणे आकडा देतं, समजा उणे ६, तो अनसाइन्डमध्ये गेला की ४२९४९६७२९० होतो, म्हणजे तो चेक कधीच खरा होणार नाही! चेकपॅच यावर एक शब्द बोललं नाही. कंपायलरच्या जास्तीच्या वॉर्निंग चालू असत्या तर सापडलं असतं, म्हणून डब्ल्यू=२ लावून बिल्ड करायची सवय लावा, स्पार्स हे कोड तपासायचं टूल पण चालवा.

युझरच्या प्रोग्रॅमकडून डेटा कर्नलमध्ये आणणाऱ्या कॉपी फ्रॉम युझरचं पण तसंच, ते एरर कोड देत नाही, किती बाइट कॉपी व्हायचे राहिले तो आकडा देतं, लोक तोच सरळ रिटर्न करतात. शून्य नसेल तर उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर कोड) द्यायचं. आणि युझरकडून आलेली लांबी आधी बफरच्या साइजशी ताडून बघा, हे चुकलं तर बाहेरचा माणूस कर्नलच्या मेमरीत लिहू शकतो.

चिपचा रेडी बिट येईपर्यंत फिरणारा व्हाइल लूप दिसला की लगेच थांबा. टाइमआउट नसेल तर आपल्या मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडमधली चिप गपगार पडते अन् तिच्यापायी सीपीयू तिथंच फिरत बसतो. ठरलेल्या वेळेनंतर वाट बघणं सोडणारं रीड-एल पोल टाइमआउट याच्यासाठीच आहे. स्पिनलॉक (धरलेला असताना झोपायची मनाई असलेलं कुलूप) धरून जीएफपी कर्नल या फ्लॅगनं मेमरी मागितलीय का तेही बघा, ते मेमरी मिळेपर्यंत झोपू शकतं, तिथं न झोपणारं जीएफपी अ‍ॅटॉमिक लागतं.

आता सिनियरसोबत बसाल तेव्हा प्रोब फंक्शन (डिव्हाइस सापडलं की चालतं ते) उघडा अन् एकेका ओळीवर विचारा, हे इथं फेल झालं तर आतापर्यंत घेतलेलं कोण परत करतंय, गोटूची लेबलं (एरर आल्यावर उडी मारायच्या जागा) उलट्या क्रमानं लागलीयेत का, अन् इंटरप्ट मागायच्या आधी लॉक तयार आहे का, कारण मागितल्याबरोबर तो येऊ शकतो. मग सेन्सरची केबल काढा, ड्रायव्हर ५-१० वेळा लोड-अनलोड करा आणि डीमेसेजमध्ये (कर्नलचे मेसेज दाखवणाऱ्या कमांडमध्ये) काय येतंय ते बघा.