रिपोर्ट नॉर्मल, तरी बोटं दुखतात

‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, आता एकदा समुपदेशकाला भेटून घ्या.’ हे ऐकून माझ्यापर्यंत येणारी माणसं बहुतेक रागावलेली असतात आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो. डॉक्टर काहीही म्हणाले असोत, त्यांना ऐकू आलेलं असतं ते इतकंच, की तुमचं दुखणं खोटं आहे. हाताची बोटं, नखं वर्षानुवर्षं अधूनमधून दुखतात आणि तपासणीत काही निघत नाही, अशा लोकांचा प्रश्न ठरलेला असतो: मग हे माझ्या मनाचेच खेळ आहेत का? त्याचं उत्तर एका बाईंच्या निमित्ताने देते. त्यांची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुनंदाताई 46 वर्षांच्या. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी पुढच्या खोलीत त्यांची शिलाई मशीन. बारा महिने फॉल-पिको आणि साधे ब्लाउज, लग्नसराईत अस्तराचे, जरीच्या काठाचे. बोटांवर घर चालवणाऱ्या या बाईची बोटंच चार वर्षांपासून दुखत होती. कधी नखाखाली कळ, कधी पेरांत ठणका, कधी टोकांची आग. आठ-आठ दिवस काहीच नाही, आणि मग एखाद्या सकाळी भांडी घासताना अशी कळ यायची की हातातलं पातेलं सुटायचं.

नवऱ्याने जाडजूड फाईल टेबलावर ठेवली. एक्स-रे, युरिक अ‍ॅसिड, सांधेवातासाठीच्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या, थायरॉइड, शुगर, बी-12, नसांची तपासणी, सगळं त्यात होतं. ‘मॅडम, याच्यात काहीच नाही निघालं. आता तुम्हीच पाहा.’ सुनंदाताई तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मले एकच सांगा, मी येडी आहो का?’

मी लगेच ‘नाही’ म्हटलं. समुपदेशकाने इतक्या चटकन दिलासा देऊ नये असं मानणारे आमच्यात आहेत. मी त्यातली नाही. दुखणाऱ्या माणसाला आधी आपल्यावर कोणी विश्वास ठेवतंय हे कळू द्यावं, मग पुढचं बोलावं. आणि हा नुसता माझ्या मनाचा मोठेपणा नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2020 मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपेत स्पष्ट लिहिलं की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. एक्स-रेत हाड दिसतं, वेदना दिसत नाही. रक्ताची तपासणीही आपण तिला जे विचारू त्याचंच उत्तर देते. आरए फॅक्टर नसला म्हणजे एका प्रकारच्या वाताची शक्यता कमी झाली. ‘काहीच नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही.

पुढच्या भेटीला सासूबाई आल्या. त्यांच्याकडे पुरावा होता. ‘माहेरी गेली का बोटं ठीक. इथं आली का दुखनं सुरू. आता तुमीच समजून घ्या.’ नवऱ्यानेही मान डोलावली. खरं सांगते, आमच्या व्यवसायात असा पुरावा फार मोहात पाडतो. सासर, माहेर, घरातली बोलणी, मुलीच्या फीची ओढाताण, हे सगळं त्या घरात होतंच. एका वाक्यात सगळं जुळवून टाकता आलं असतं.

पण माहेरी जाता कधी, हे कोणी विचारलं नव्हतं. माहेर चंद्रपूर, आणि जाणं व्हायचं मे महिन्यात, मुलीला सुट्या लागल्या की. चंद्रपूरचा मे कसा असतो ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. 45 अंश म्हणजे तिथे रोजचंच. ‘आणि थंडीत कधी गेलात?’ त्या थोड्या थांबल्या. ‘भाच्याच्या लग्नाला. जानेवारीत. तवा तर भल्लं दुखलं जी. मांडवात हात खाकेत दाबून बसली होती मी.’ सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. हे त्यांना माहीत नव्हतं.

सासर-माहेराचा हिशोब तिथेच बाजूला पडला. मी सुनंदाताईंना दोन आठवडे नोंदी ठेवायला सांगितलं. लिहिलं मुलीने, सांगितलं त्यांनी. कोणतं बोट, नेमकी जागा कोणती, त्या वेळी हात काय करत होता, किती वेळ दुखलं, एवढंच. ‘मला कसं वाटलं’ हा रकाना मी मुद्दाम ठेवला नव्हता. आणि दोनच आठवडे, कारण दुखण्याची वही महिनोन्महिने चालली की माणूस दिवसभर दुखणंच शोधत बसतो.

त्या पानांत दुखणी दोन निघाली. एक डाव्या हाताच्या अनामिकेचं. नखाच्या मुळाशी, उजव्या अंगाला, तिळाएवढी जागा. पहाटे टाकीचं गार पाणी लागलं, फ्रिजमधली बाटली धरली, अगदी रात्री गोधडीचा काठ घासला तरी तिथून कळ उठायची आणि कोपरापर्यंत जायची. जागा कधी बदलली नाही. त्या नखाखाली एक निळसर डाग होता. सुई लागून रक्त साकळलं असेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. दुसरं दुखणं दोन्ही हातांचं, आज इथे तर उद्या तिथे. ते संध्याकाळी, मशीनवरून उठल्यावर, झोप झाली नसेल किंवा गिऱ्हाईक डोक्यावर बसलं असेल तेव्हा वाढणारं. चार वर्षं दवाखान्यांत सुनंदाताई दोन्ही दुखण्यांचं मिळून एकच वाक्य सांगत होत्या, ‘बोटं दुखतात.’ बाहेर रांग लागलेली असताना दुसरं सांगायला उसंत कुठे मिळते?

मी डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नाही. पण रुग्णाचं म्हणणं नीट कागदावर उतरवून देणं माझ्या कामात बसतं. ज्या अस्थिरोगतज्ज्ञांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं त्यांनाच तसं पत्र दिलं. त्यांनी ते वाचलं आणि सुनंदाताईंना धंतोलीत हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी बारीक टोकाने नखावर जागोजागी दाबून पाहिलं. एका ठिकाणी सुनंदाताई ओरडल्या, त्याच्या शेजारी दाबलं तर काही नाही. मग दंडाला बीपीचा पट्टा बांधून फुगवला आणि पुन्हा तिथेच दाबलं. रक्त अडल्यावर कळ जवळजवळ गेली. त्यानंतर एमआरआय. त्यासाठी बोटातली घोड्याच्या नालेची अंगठी उतरवावी लागली. शनीचा त्रास म्हणून कोणी तरी सुचवलेली, दुखऱ्या हातातच घातलेली. बाहेर आल्यावर त्यांनी ती परत घातली. मी अशा अंगठ्यांवर वाद घालत नाही, औषध बंद होत नाही तोवर.

निदान आलं: ग्लोमस ट्यूमर. ‘ट्यूमर’ ऐकून घर हादरलं, पण ही गाठ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सरची नसते. त्वचेत, विशेषतः बोटांच्या टोकांत, रक्तप्रवाह कमी-जास्त करून तापमान सांभाळणाऱ्या अगदी लहान रचना असतात. गाठ त्यांच्यापासून होते, अनेकदा काही मिलिमीटरचीच, म्हणून साध्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही. पिएर मासाँ यांनी 1924 मध्ये तिचं नीट वर्णन केलं. एका बिंदूवरचं दुखणं, मधूनच उठणारी तीव्र कळ आणि थंडी सहन न होणं, या तीन खुणा कित्येक वर्षांपासून वैद्यकीय पुस्तकांत आहेत. तरीही निदानाला वर्षं लागलेल्या रुग्ण सापडतात, आणि नखाखालची ही गाठ मध्यमवयीन बायकांत जास्त आढळते. बायकांच्या तक्रारीला ‘टेन्शन असेल’ हे उत्तर किती लवकर मिळतं, ते मी रोज पाहते.

बोट बधिर करून, नख उचलून गाठ काढली. नख पूर्ण यायला साधारण सहा महिने लागतात, तसे लागले. ती कळ पुन्हा आली नाही.

इथे थांबले तर मी वाचकांना फसवल्यासारखं होईल. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या नखाखाली अशी गाठ निघत नाही, आणि सुनंदाताईंचंही दुसरं दुखणं गेलं नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी त्या आल्या त्या रडतच. ‘गाठ काढली तरी दुखूनच राहिलं. आता लोक काय म्हनतील?’ माझं खरं काम इथून सुरू झालं.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. इतके दिवस कळा सोसल्यावर नसा आणि मेंदू सावधच राहायला शिकतात. एकदा चोर पाहिलेलं गल्लीतलं कुत्रं मग पहाटेच्या दूधवाल्यावरही भुंकतं. भुंकणं खरं असतं, चोर नसतो. सुनंदाताईंना हे पटलं, कारण तसं कुत्रं त्यांच्या गल्लीत होतं. झोप, काळजी, भांडण यांनी दुखणं वाढतं म्हणजे ते मनाने रचलेलं आहे, असं मुळीच नाही. वेदना ज्या मेंदूत उमटते, काळजीही त्याच मेंदूत असते.

त्यांची कामाची पद्धत मला आधी बदलायची होती. बरं वाटलं त्या दिवशी राहिलेलं सगळं उरकायचं, सहा-सहा ब्लाउज, आणि मग तीन दिवस हात उचलवत नाही. हे मी शिक्षकांत पाहिलंय, पोळ्या लाटून देणाऱ्या बायकांत पाहिलंय. आम्ही गजराचं घड्याळ लावलं. 25 मिनिटं मशीन, मग उठायचं, दुखत असो वा नसो. ‘दुखायला लागलं की थांबते’ हे चालत नाही, तोवर उशीर झालेला असतो. त्यांनी बरीच कुरकुर केली. ‘काम रंगात आलं का उठवत नाही जी.’ शेवटी मशीन पुढच्या खोलीत, घड्याळ आतल्या खोलीत, आणि ते बंद करायला उठावंच लागेल, अशी सोय मुलीने केली. हूक आणि काजं शेजारच्या मुलीला नगावर दिली. त्यामुळे कमाई थोडी घटली. ते मी इथे लपवत नाही, कारण असले सल्ले फुकट पडत नाहीत.

रात्री मोबाइलच्या उजेडात नखं निरखणं आणि मग नखाच्या कॅन्सरचे व्हिडिओ पाहणं, ही सवय सुटायला जास्त वेळ लागला. पाहूच नका, असं सांगून ती सुटत नाही. नखं रविवारी, कापताना, दिवसाच्या उजेडात पाहायची, एवढं ठरलं. झोपेसाठी आणि नसांच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलिनची लहान गोळी दिली होती. दुकानदाराने ‘ही डिप्रेशनची’ म्हटल्यावर त्यांनी ती परस्पर सोडली होती. तेच औषध कमी मात्रेत वेदनेसाठीही देतात. हे डॉक्टरांनी त्यांना पुन्हा समजावल्यावर त्यांनी ती सुरू केली. अशी गोळी आपल्या मनाने सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

घरच्यांशी एकदा वेगळं बोलले. नवरा दर तासाला विचारायचा, ‘आता कसं आहे?’ प्रेमानेच विचारायचा. पण प्रत्येक वेळी सुनंदाताईंना बोटांची हजेरी घ्यावी लागायची. त्यापेक्षा दुपारची भांडी तुम्ही विसळा, असं सुचवलं. ते तयार झाले, जरा लाजत. सासूबाईंचा प्रश्न त्यांच्या गुडघ्यांनी सोडवला. एक्स-रेत उजव्या गुडघ्याची झीज जास्त होती आणि दुखायचा डावा. ‘मग काकू, तुमचा डावा गुडघा खोटं बोलतो का?’ असं मी विचारलं. त्या हसल्या. ‘नाही बाप्पा, दुखते ना!’ त्यानंतर माहेराचा विषय माझ्यासमोर तरी निघाला नाही.

बोटं दुखतात म्हणून हे वाचणाऱ्यांनी काही खुणा मात्र समुपदेशकाकडे न आणता आधी डॉक्टरांना दाखवाव्यात. थंडीत बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो रेनॉचा त्रास असू शकतो. मॉरिस रेनॉ यांनी तो 1862 मध्येच लिहून ठेवला आहे. नखाखाली नवी काळी रेघ दिसली किंवा जुनी रुंदावत गेली, तर थांबूच नये. सकाळी बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडतात आणि सांधे सुजतात, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत आणि अंगावर खवले सुटतात, रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट झिणझिणून जाग येते, हे प्रत्येक वेगळं दुखणं आहे आणि प्रत्येकाला उपचार आहे. जाताना ‘बोटं दुखतात’ एवढंच सांगू नका. कोणतं बोट, कुठे, कशाने, किती वेळ, हे चिठ्ठीवर लिहून न्या.

सुनंदाताईंची बोटं अजून दुखतात. महिन्यातून काही दिवस वाईट जातात, जानेवारीत जास्त. पहाटेची भांडी कोमट पाण्याने होतात. लग्नसराईत त्यांनी दाराशी पाटी लावली आहे, ‘ब्लाउज पंधरा दिवस आधी द्यावे’, आणि दोन जुनी गिऱ्हाइकं त्यावरून दुसरीकडे गेली. मागच्या वेळी त्यांनी विचारलं की पुन्हा एकदा एमआरआय करून घ्यावा का. त्याचं उत्तर त्यांच्या शल्यविशारदांनी दिलं: त्याच बोटाला, त्याच बिंदूवर, गार पाण्याची कळ पुन्हा उठली तर जरूर या, कारण अशी गाठ क्वचित परत होते, एरवीच्या ठणक्यासाठी, नवं काही लक्षण दिसत नसेल, तर नव्या तपासण्यांवर पैसे घालवू नका.