गॅसच्या भडक्यात भाजल्यावर राहिलेल्या व्रणांची भरपाई मिळते का?

तुम्ही लिहिलंय की दहा महिन्यांपूर्वी सिलिंडर बदलताना भडका उडाला, पत्नीचा उजवा हात आणि गळा भाजला, आणि एजन्सीवाले म्हणतात, ‘बिलं द्या, विम्याचे पैसे येतील, डागांचं काही मिळत नसतं.’ हे अर्धंच खरं आहे.

माझ्या वहिनीचं असंच झालं होतं. ऑइल कंपन्यांचा जो विमा असतो (आपल्याला वेगळा हप्ता नसतो) त्यातून उपचाराचा खर्च माणशी जास्तीत जास्त २ लाख मिळतो. पण तो बिलांपुरता. व्रण, आखडलेली बोटं, पुढची ऑपरेशनं यासाठी एजन्सी आणि कंपनी या दोघांविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागतं. फी सिलिंडरच्या किमतीवर ठरते, त्यामुळे मागणी कितीही असो, ती शून्य.

तिथे मात्र चूक कुणाची ते दाखवावं लागतं. व्हॉल्व्हमधलं वॉशर खराब होतं, की तुमचीच नळी जुनी होती? नळीची मुदत ५ वर्षं. समोरचा वकील आधी तेच काढतो. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी एजन्सीचा पोरगा ‘तपासायला’ म्हणून रेग्युलेटर घेऊन गेला आणि आम्ही भोळसटासारखा दिला. पंचनाम्यात त्याची नोंद होती म्हणून निभावलं.

तक्रारीची मुदत २ वर्षं. गोची अशी, की भाजल्याचा व्रण पक्का व्हायलाच वर्ष-दीड वर्ष जातं आणि डॉक्टर म्हणतात थांबा. ऑपरेशनसाठी थांबा, तक्रारीसाठी थांबू नका. प्लास्टिक सर्जनकडून पुढच्या खर्चाचा अंदाज लेटरहेडवर लिहून घ्या. प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा; दिवसाचे २३ तास घालायचा, सैल पडला की नवा), सिलिकॉन जेल, फिजिओथेरपी, सगळ्याच्या पावत्या ठेवा. दर महिन्याला दिवसाउजेडी त्याच जागेचा फोटो काढा.

वहिनी एका खानावळीला भाकऱ्या द्यायची. तिच्या वैद्यकीय कागदावर ‘तीन बोटांचे कॉन्ट्रॅक्चर’ (म्हणजे व्रणामुळे बोटं आखडणं) एवढंच होतं. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? प्रतिज्ञापत्रात मी हट्टानं घालायला लावलं: तळवा परातीत सपाट टेकत नाही, भाकरी थापता येत नाही, खानावळीचं काम सुटलं. सोबत खानावळवाल्याच्या वहीची झेरॉक्स जोडली. बुडालेल्या कमाईचा मुद्दा आयोगानं त्यावरूनच मान्य केला. तुमच्या पत्नीला आता नेमकं काय जमत नाही, ते त्यांनाच विचारून लिहा.

आणि विम्याचा चेक आला की सोबत ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेला कागद येईल. सहीच्या वर ‘फक्त उपचार खर्चापोटी, उर्वरित हक्क राखून’ असं हातानं लिहा, आणि त्याची झेरॉक्स घेतल्याशिवाय तो परत देऊ नका.