‘लगेच’ नाही, मग कधी?

प्रश्न: जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेबद्दल वाचत होतो. जपानसारख्या शिस्तीच्या देशात लोकांचा सरकारी माहितीवरचा विश्वास एवढा कसा उडाला? सरकार सरळ खोटं बोललं का? आणि आता समुद्रात सोडतायत ते पाणी सेफ आहे म्हणतात, ते तरी खरं मानायचं का?

उत्तर: सरळ खोटं फार कमी वेळा बोलले हो, आणि गोची तिथेच आहे.

११ मार्च २०११ ला भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी, वीज गेली, कूलिंग बंद पडलं, तीन रिअॅक्टरमधलं इंधन वितळलं, हे तुम्ही वाचलंच असेल. तेव्हा कॅबिनेटचे मुख्य सचिव, म्हणजे सरकारचे प्रवक्ते, युकिओ एदानो निळा कामाचा ड्रेस घालून रात्रंदिवस टीव्हीवर दिसायचे, इतके की ट्विटरवर लोक ‘एदानो, झोपा आता’ असं लिहायला लागले. म्हणजे माणसाबद्दल राग नव्हता. पण त्यांचं ते एक वाक्य, ‘लगेच तब्येतीवर परिणाम होईल इतकं हे प्रमाण नाही’, ते लोकांच्या डोक्यात बसलं. घरात तान्हं बाळ असेल तर त्यातला ‘लगेच’ तेवढा ऐकू येतो. लगेच नाही, मग कधी?

त्यात ‘मेल्टडाऊन’ या शब्दाचं झालं ते वेगळंच. १२ मार्चला अणुसुरक्षा खात्याचा प्रवक्ता पत्रकारांना म्हणाला की रिअॅक्टरचा गाभा वितळत असू शकतो, म्हणजेच मेल्टडाऊन, तर लवकरच ब्रीफिंगला त्याच्या जागी दुसरा माणूस. प्लँट चालवणाऱ्या टेप्को कंपनीने ते कबूल केलं मे महिन्यात. आणि २०१६ मध्ये कळलं की हा शब्द वापरू नका असं खुद्द कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच सांगितलं होतं.

पण माझ्या मते खरा घाव बसला तो प्लँटजवळच्या नामिए गावाला. तिथले हजारो लोक प्लँटपासून लांब म्हणून वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन राहिले, पोरं बाहेर खेळत होती, काहींनी तर डोंगरातल्या ओढ्याच्या पाण्यात भात शिजवला. आणि किरणोत्सर्गी ढग नेमका तिकडेच गेला. वारा तिकडे वाहतोय हे ‘स्पीडी’ नावाच्या सरकारी कॉम्प्युटर सिस्टिममध्ये दिसत होतं. अमेरिकन सैन्याला तो डेटा १४ मार्चला मिळाला, जपानी जनतेला २३ तारखेला! अधिकाऱ्यांचं म्हणणं, किती किरणोत्सर्ग बाहेर पडला तेच माहीत नव्हतं, मग अंदाज कच्चा होता, उगाच घबराट कशाला. ठीक आहे, आकडा कच्चा असेल, पण दिशा तर कळत होती ना?

तांदळाचंही तसंच. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यपालांनी फुकुशिमाचा तांदूळ सुरक्षित जाहीर केला आणि पुढच्याच महिन्यात ओनामी भागातल्या तांदळात किलोला ६३० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) सापडले, तेव्हाची मर्यादा ५०० होती. त्यानंतर मात्र त्यांनी जे केलं त्याला मानलं पाहिजे. २०१२ पासून काही वर्षं नुसते नमुने नाही, अख्ख्या फुकुशिमा प्रांतातलं प्रत्येक ३० किलोचं पोतं बेल्टवरून मशीनखाली सरकवायचं, पास झालं की स्टिकर लावायचं, वर्षाला साधारण एक कोटी पोती! मर्यादाही १०० वर आणली. पहिल्या वर्षी ७१ पोती फेल गेली, २०१५ च्या पिकापासून एकही नाही. तिकडे सेफकास्ट नावाच्या गटाचे स्वयंसेवक गाडीला किरणोत्सर्गाचं मीटर लावून रस्तोरस्ती फिरत होते आणि सगळे आकडे ओपन ठेवत होते, त्यामुळे सरकारी आकडा कोणालाही ताडून बघता यायला लागला.

आता तुमचं पाणी, म्हणजे वितळलेलं इंधन थंड करताना दूषित झालेलं आणि शुद्ध करून टाक्यांत साठवलेलं. ऑगस्ट २०२३ पासून सोडतायत, पातळ करून ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सर्गी प्रकार) लिटरला १५०० बेकरेलच्या खाली आणतात, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था वेगळी तपासणी करते, म्हणून आकडा मी तरी खरा मानतो. पण २०१८ पर्यंत लोकांचा समज होता की टाक्यांतल्या पाण्यात फक्त ट्रिटियमच उरलंय, आणि मग कळलं की बहुतेक पाण्यात इतर किरणोत्सर्गी द्रव्यंही मर्यादेपेक्षा जास्त आहेत, म्हणजे सोडण्याआधी पुन्हा शुद्ध करणं आलं. आणि मच्छीमारांना तर २०१५ मध्ये लेखी दिलं होतं की तुमच्यासारख्या संबंधितांना पटल्याशिवाय पाणी सोडणार नाही. त्यांची संघटना शेवटपर्यंत विरोधातच होती, तरी सोडलं.