विक्षिप्त, लहरी की तऱ्हेवाईक?

परभणीहून आलेला प्रश्न असा: निवृत्त गुरुजींच्या गौरवलेखात 'विक्षिप्त स्वभावाचे' असं लिहिलं आणि ते घरच्यांना लागलं. गुरुजी आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा वापरतात, खडू पितळी डबीत ठेवायचे, चारच्या ठोक्याला चहा आणि त्याआधी तांब्याभर पाणी. मग शब्द कोणता?

'तऱ्हेवाईक'. 'लहरी' तर मुळीच नको. पाऊस लहरी असतो, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पण 'तऱ्हेवाईक पाऊस' कुणी म्हणत नाही. उलट पोशाख तऱ्हेवाईक असतो, लहरी नसतो. लहरी म्हणजे आज एक, उद्या दुसरं. तऱ्हेवाईक माणूस रोज तसाच वागतो, फक्त त्याची तऱ्हा चारचौघांपेक्षा वेगळी. गुरुजींचं चारचं पाणी वर्षानुवर्षं चुकत नाही, म्हणजे ते लहरीच्या अगदी दुसऱ्या टोकाला.

'विक्षिप्त' घरच्यांना लागला, तो उगीच नाही. मूळ अर्थ इकडेतिकडे फेकलेलं, विखुरलेलं. योगशास्त्रात चित्ताच्या 5 भूमी सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. तिथे विक्षिप्त म्हणजे मधूनच स्थिरावणारं, पुन्हा भरकटणारं चित्त. हिंदीत हाच शब्द सरळ वेड लागलेल्याला लावतात. मराठीत तो सौम्य झाला, तरी 'याच्याशी कसं वागावं कळत नाही' ही तक्रार त्यात उरलीच. त्यात 'स्वभावाचे' जोडलं की घाव आणखी खोल जातो, कारण वेगळेपण गुरुजींच्या सवयींत आहे, स्वभावात नाही.

'खोड' टाळा, खोड मोडायची असते. 'छांदिष्ट' छंदापायी तहानभूक विसरणाऱ्याला शोभतो, इथे नाही. 'लकब' मात्र जपून. बोलता बोलता चष्मा कपाळावर सरकवणं ही लकब, पाकीट उलटणं नव्हे. लकब बोलण्याचालण्यात दिसते. अरबी-उर्दूत 'लक़ब' म्हणजे पदवी, उपाधी. 1948 पर्यंत आपल्या मराठवाड्याचा राज्यकारभार उर्दूत चाले, त्यामुळे निजामकाळातल्या उर्दू कागदात 'लक़ब' दिसला तर तिथे माणसाची ढब शोधू नका.

प्रश्नातच आणखी दोन शब्द सुचवले होते, 'वल्ली' आणि 'अवलिया'. ही जोडी फार सुंदर आहे. अरबीत 'वली' म्हणजे ईश्वराचा सखा, संत. त्याचंच अनेकवचन 'औलिया'. खुलताबादच्या दर्ग्यांच्या परिसरात हे शब्द आजही मूळ अर्थानं कानावर येतात. मराठीनं अनेकवचन उचललं आणि एकट्या माणसाला लावलं: 'एक अवलिया'. जगाची रीत न जुमानणाऱ्या फकिरावरून अर्थ हळूहळू आपल्याच मस्तीत जगणाऱ्या माणसाकडे सरकला. 'लई अवली माणूस हाय' यातही तोच सूर ऐकू येतो. पण अवलियाला घड्याळ नसतं आणि गुरुजी घड्याळावर चालतात. 'वल्ली'त थोडा इरसालपणा येतो, तो मित्रांच्या मैफलीत गोड लागतो. विद्यार्थ्यानं गुरुजींना लावू नये. (वेल या अर्थाचा संस्कृत 'वल्ली' वेगळा, त्याची गल्लत नको.)

लेखात ओळ अशी ठेवता येईल: 'गुरुजी शिस्तीचे, पण त्यांच्या तऱ्हा त्यांच्याच.' विशेषण गाळून नुसतं 'तऱ्हा' ठेवलं की 'तऱ्हेवाईक'मधली हसण्याची छटाही निघून जाते. पुढे लगेच पाकीट आणि पितळी डबी येऊ द्या.