मॅडम, दिवाळखोरी जाहीर केली की सगळं मिटतं ना?

गेल्या दीड-दोन वर्षांत हा प्रश्न माझ्या सांगलीच्या समुपदेशनाच्या छोट्या खोलीत कितीदा आला, याची मोजदाद मी सोडून दिली आहे. कुणी इन्स्टाग्रामवर कपडे विकणारी, कुणी शेअर बाजारात हात पोळून घेतलेला, कुणी यूट्यूबवर चॅनल चालवणारा. सगळे तिशीच्या आतबाहेरचे. त्या एका प्रश्नाला शेपूट असतं ते मात्र सगळ्यांचं सारखंच. पोलीस नेतील का? बाबांच्या घरावर जप्ती येईल का? लग्न जमेल का? म्हणून एकाची हकीकत जरा तपशिलात लिहिते. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत, आणि लिहायची परवानगी त्याने स्वतः दिली आहे.

त्याला ओंकार म्हणू. वय २७. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आई घरी शिवणकाम करते. ओंकार रात्री दहा ते दोन मोबाइलवरच्या गेमचं लाइव्ह स्ट्रीमिंग करायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये वडीलच त्याला घेऊन आले. खुर्चीत बसल्याबसल्या त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. तासाभरात तो फोन अकरा वेळा थरथरला. दर वेळी ओंकारचा उजवा हात मांडीवर आवळला जायचा, आणि चेहऱ्यावर मात्र हसू असायचं. कॅमेऱ्यासमोर चार वर्षं बसून कमावलेलं हसू.

"किती देणं आहे?" मी विचारलं.

"तीस लाख असतील."

"असतील म्हणजे?"

"मोजले नाहीत, मॅडम. मोजायची भीती वाटते."

पहिल्याच दिवशी मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? कर्जात अडकलेल्या प्रत्येकाला मी हे विचारते, आडवळण न घेता. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट एकट्याने वाहिलेलं ओझं खाली ठेवता येतं. तो म्हणाला, "दोनदा वाटलं." मग वडिलांना आत बोलावलं, रात्री त्याला एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दोघांच्या फोनमध्ये घालून दिला. हे झाल्यावरच पैशाचा विषय काढला.

दुसऱ्या भेटीला येताना शंभर पानी वही आणि सगळे मेसेज घेऊन ये, असं सांगितलं होतं. माझ्यासमोर बसून त्याने एकेक ओळ लिहिली. बँकेचं वैयक्तिक कर्ज ४ लाख ८० हजार. दोन क्रेडिट कार्डांचे मिळून ३ लाख ७५ हजार. कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्याचे हप्ते १ लाख १० हजार. चार कर्ज ॲपचे १ लाख ६५ हजार. गावातल्या पतसंस्थेचे ३ लाख. मामाचे दीड लाख, मित्राचे ४० हजार, थकलेला आयकर ६२ हजार. बेरीज आली १६ लाख ८२ हजार.

त्याने ती तीनदा तपासली. "तीस नाहीत," एवढंच म्हणाला. सोळा लाख त्या घरासाठी लहान रक्कम नव्हे, मला त्याची पूर्ण जाणीव होती. पण न मोजलेली भीती रोज वाढत राहते आणि मोजलेल्या कर्जाला निदान आकडा असतो. त्या दिवशी जाताना त्याने वही शर्टाच्या आत धरली होती.

हे झालं कसं? २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली तेव्हा तो नुसताच खेळणारा होता. नंतर त्याच खेळाचा भारतासाठीचा अवतार, बीजीएमआय, आला, त्यावर त्याने चॅनल उभं केलं. २८ जुलै २०२२ ला तो गेमही ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ पर्यंत परत आला नाही. त्या दहा महिन्यांत प्रेक्षक टिकवायला त्याने पहिलं कर्ज काढलं. पुढे पैसे लावून खेळायच्या एका ॲपची जाहिरात मिळाली, महिन्याला ठरावीक रक्कम येऊ लागली, आणि त्या रकमेच्या भरवशावर आणखी कर्ज. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. महिन्याचा तो पैसा एका आठवड्यात थांबला.

इथपर्यंत मला वाटत होतं, त्याची भीती वसुलीवाल्यांची आहे. मी चुकत होते, हे चौथ्या भेटीत कळलं.

तो आत येतानाच म्हणाला, "मॅडम, मी ठरवलंय. दिवाळखोर तर मी आहेच, आता कोर्टात जाऊन शिक्का मारून घेतो."

"दिवाळखोर म्हणजे कोण?"

"ज्याची लायकी नाही तो."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. गेल्या अठरा वर्षांत या पद्धतीने मला एक गोष्ट शिकवली आहे: माणूस ज्या शब्दाने स्वतःला मारत असतो, तो शब्द त्याच्या हातून काढून घ्यायचा नाही, उलटापालटा करून बघायला लावायचा. मी त्याला सांगितलं, आपल्याकडच्या कायद्याच्या भाषेत या माणसाला 'नादार' म्हणतात. फारसी शब्द आहे. ना दार, म्हणजे ज्याच्याकडे नाही तो. बस, एवढाच अर्थ. त्यात लायकी कुठेच नाही. आणि 'दिवाळं' या शब्दाबद्दल असं सांगतात की जुन्या पेठेत व्यापारी बुडाला की भरदिवसा दुकानात दिवा लावून बसायचा. दिवा दिसला की सावकार समजून जायचे.

"त्या दिव्याने त्या व्यापाऱ्याचं काय केलं?" मी विचारलं.

"अब्रू घालवली."

"आणखी काय केलं?"

तो बराच वेळ गप्प होता. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची गाडी आली आणि गेली. मी बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला जीभ आवरता आली पाहिजे, आणि ते सोपं नसतं.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "त्याने खरं सांगितलं."

आणि लगेच, "माझ्याकडे पण दिवा लागतो मॅडम. रोज रात्री रिंगलाइट. त्याच्यासमोर बसून मी तीन वर्षं खोटं बोलतोय."

त्यानंतर जे बाहेर आलं ते वहीत नव्हतं. प्रेक्षकांना बक्षिसं वाटायला त्याने क्रेडिट कार्ड वापरलं होतं. चॅट थंड पडू नये म्हणून मित्राच्या खात्यावरून स्वतःच्याच स्ट्रीमवर सुपरचॅट, म्हणजे पैसे देऊन टाकलेला संदेश, पाठवायचा. शंभर रुपये पाठवले की प्लॅटफॉर्मचा वाटा जाऊन साधारण सत्तर हातात यायचे. शंभरातले तीस रुपये तो फक्त एवढ्यासाठी घालवत होता की बघणाऱ्यांना वाटावं, ओंकारचं छान चाललंय.

त्याचा खरा सावकार ती चॅटची खिडकी होती. 'लोकांनी मला यशस्वी समजलंच पाहिजे' यातला तो 'च' सगळ्यात महागडा व्याजदर लावत होता. त्या दिवशी त्या एका अक्षरावर आम्ही पाऊण तास बोललो. लोकांनी चांगलं म्हणावं असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. म्हणालेच पाहिजेत, नाहीतर मी कुणीच नाही, हे मात्र कोणत्याही उत्पन्नात न परवडणारं आहे. तो रडला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर ते हसू नव्हतं.

ही भेट माझ्या कामातल्या मोजक्या समाधानाच्या तासांपैकी आहे, हे मी लपवत नाही.

आता कायद्याचं. मी वकील नाही, आणि समुपदेशकाने वकिली करू नये. मी ओंकार आणि त्याच्या आईवडिलांना ओळखीच्या वकील बाईंकडे पाठवलं आणि त्यांच्या परवानगीने सोबत बसले. तिथे जे समजलं ते अनेक घरांना उपयोगी आहे.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत सामान्य माणसासाठी तरतुदी लिहिलेल्या आहेत, पण १ डिसेंबर २०१९ पासून त्या लागू झाल्या फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. ओंकारसारख्यासाठी वाट होती ती १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याची, जिल्हा न्यायालयातून. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आणि उच्च न्यायालय. ही वाट लांबची आहे. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते, आणि नादारीतून मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं सुटत नाही. म्हणजे आयकराचे ६२ हजार राहणारच होते. 'जाहीर केलं की मिटलं' असं काही नाही.

त्याच्या आईने मध्येच विचारलं, "गाडी माझ्या बहिणीच्या नावावर करून टाकू का?" वकील बाईंनी ठामपणे नाही म्हटलं. अर्ज करण्याआधीच्या दोन वर्षांत असं फुकट नावावर केलेलं न्यायालय रद्द करू शकतं, आणि हेतूवरच शंका येते. "मग आधी मामाचे तरी देऊन टाकू," वडील म्हणाले. नादारीचा अर्ज करणार असाल तर तेही जपून. आदल्या तीन महिन्यांत एकालाच झुकतं माप देऊन केलेली फेड उलटवली जाऊ शकते.

"पोलीस?" ओंकारने विचारलं.

नुसतं कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच म्हटलं आहे की ऐपत नसलेल्याला केवळ देणं थकलं म्हणून कैदेत टाकता येणार नाही. पण धनादेश परत गेला तर गोष्ट बदलते. धनादेशांच्या कायद्यातल्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी फिरला तरी तशीच तरतूद आहे. नोटीस हातात पडल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात. म्हणून नोटिशीचं पाकीट न उघडता कपाटावर टाकणं ही सगळ्यात घातक सवय. ओंकारच्या कपाटावर अशी चार पाकिटं होती.

वडिलांचा प्रश्न एकच होता. "पोराचं कर्ज बापाला फेडावंच लागतं ना?"

"काका, तुमची सही कुठे आहे?" वकील बाईंनी विचारलं.

बँकेत नव्हती, कार्डांवर नव्हती. पतसंस्थेत होती, जामीनदार म्हणून. जिथे सही नाही तिथलं देणं बापाचं नाही. जिथे आहे तिथलं मात्र तितकंच त्यांचं. पतसंस्थेला दिवाणी दाव्याची वाट बघावी लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून ती थेट जामीनदाराच्या मालमत्तेपर्यंत पोचू शकते. शिवाय तिथे ओंकारचे कोरे धनादेश होते. मनात सगळ्यात मोठं भूत बँकेचं होतं, आणि घराच्या सगळ्यात जवळ उभी होती ती पतसंस्था.

आई इतका वेळ मंगळसूत्राची वाटी बोटांत फिरवत होती. तिला विचारायचं होतं ते कळत होतं. वसुलीवाला स्वतःहून घरात शिरून काहीही उचलू शकत नाही. न्यायालयाची जप्ती आली तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रीतीने बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना यांना हात लावता येत नाही. हे ऐकल्यावर तिची बोटं थांबली.

फोनचंही सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, नातेवाइकांना फोन करून बदनामी करता येत नाही, आणि कर्ज ॲपला तुमच्या फोनमधली नावं-नंबर आणि फोटो चाळायचा अधिकार नाही. आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याला शुल्क नाही. फोटो बिघडवून धमकी आली तर त्याच दिवशी सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक १९३०. ओंकारच्या चारपैकी दोन ॲप कुठल्या परवानाधारक संस्थेची होती याचा पत्ताच लागेना. त्या धमक्यांचे स्क्रीनशॉट घेऊन तो वडिलांसोबत सायबर पोलिसांकडे गेला. एकटा गेला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शेवटी नादारीचा अर्ज केलाच नाही. बुलेट आणि मोठा कॅमेरा विकून, आईच्या भिशीचे पैसे घालून पतसंस्थेचं कर्ज आधी संपवलं आणि कोरे धनादेश परत घेतले. बँकेने हप्ता कमी करून मुदत वाढवली. दोन्ही कार्डांचा निकाल लोकअदालतीत तडजोडीने लागला. तिथे दिलेला निवाडा अंतिम असतो, अपील नसतं. सिबिलमध्ये त्यापुढे 'सेटल्ड' लागलं, काही वर्षं नवं कर्ज मिळणं कठीण जाईल, हे त्याला आधीच सांगितलं होतं. ही किंमत त्याने कळून-सवरून दिली. कॉम्प्युटर ठेवला, कारण कमाई त्यावर आहे. आता मिरजेच्या एका स्टुडिओसाठी तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो आणि शनिवार-रविवारी स्ट्रीम करतो. बक्षिसं बंद.

स्ट्रीमवर कर्जाबद्दल बोलू का, असं त्याने मला विचारलं होतं. मी हो किंवा नाही म्हटलं नाही. धनकोंना सांगणं गरजेचं, घरच्यांना सांगणं गरजेचं. प्रेक्षकांना काय सांगायचं हा त्याचा प्रश्न. एका शनिवारी त्याने सांगितलं. चाळीसेक लोक निघून गेले, त्याने ते मोजलेही. नंतर तो खेळत राहिला.

मागच्या आठवड्यात जयसिंगपूरहून एका आईचा फोन आला. मुलगा रील्स करतो, आठ लाखांचं देणं झालंय, मॅडम दिवाळखोरी कुठे जाहीर करतात? मी म्हटलं, ताई, आधी एक वही घ्या, आणि मला सांगा, तुमची किंवा त्याच्या वडिलांची सही कुठल्या कुठल्या कागदावर आहे?

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.