पहिल्या स्पर्धेआधी, ज्युदोतल्या नव्या पोराला

तुझ्या पहिल्या जिल्हा स्पर्धेचं कळलं, फार बरं वाटलं. पंचवटीच्या क्रीडा संकुलात असो की शाळेच्या हॉलमध्ये, खरी परीक्षा मॅटच्या बाहेरच सुरू होते. वजन सकाळी होतं आणि तुझी लढत कधी दुपारी लागते. त्या मधल्या वेळात पोरं दुसऱ्यांच्या लढती बघून निम्मी हरतात. तू प्रतिस्पर्ध्याचा पट्टा बघत बसू नकोस. थोडं खा, अंग गरम ठेव, आपली पकड मनात घोळव.

लढत चार मिनिटांची. इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, पडला की तिथेच संपली, मग घड्याळात कितीही वेळ उरो. म्हणून वाझा-आरी, म्हणजे अर्धा गुण, खाल्ल्यावर डोकं जागेवर ठेवणं हेच खरं काम. पंचांनी ‘माते’, म्हणजे ‘थांबा’, म्हटलं की जागेवर परतेपर्यंतची चार पावलं तुझी असतात. घाई न करता चाल, नाकाने लांब श्वास घे, खांदे सैल सोड आणि पुढची पकड कुठे घ्यायची एवढंच ठरव. घाबरून नुसता बचाव करत राहिलास तर शिदो, म्हणजे ताकीद, मिळतो, आणि तिसऱ्या शिदोला बाद.

ही सवय स्पर्धेच्या दिवशी येत नाही रे. रोज उकेमी करताना, म्हणजे पडायचा सराव करताना, हनुवटी छातीला लावून हात मॅटवर सपाट आपटायचा कंटाळा करू नकोस. पडायची भीती गेली की मन आपोआप थाऱ्यावर येतं. गंगापूर रोडवरची पहाटेची धाव मात्र स्पर्धेच्या आदल्या दिवशी नको. त्या दिवशी लवकर झोप.