झोन बदलणार म्हणून आताच कर्ज काढू का?

प्रश्न: मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. कोकणात महामार्गालगतच्या एका नगरपरिषदेच्या गावात आमचं वडिलोपार्जित चिरेबंदी घर आणि आठ गुंठे जागा आहे. मिळकत पत्रिकेवर माझं आणि मुंबईतल्या भावाचं नाव आहे. आमच्या रस्त्यालगतचा पट्टा निवासी विभागातून वाणिज्य विभागात घेण्याचा प्रस्ताव नगरपरिषदेने जाहीर केला आणि आळीत दोन तट पडले. एजंट म्हणतो, पुढच्या बाजूला 2,600 चौरस फुटांची दुमजली ऑफिसं बांधा, महिना 70,000 रुपये भाडं मिळेल. खर्च 60 लाख: 25 लाख माझ्या फंडाचे, 35 लाख कर्ज. एक बिल्डर 15 लाख रोख आणि 35 टक्के गाळे देतो म्हणतो, पण त्याला कुलमुखत्यारपत्र (माझ्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार) लगेच हवं आहे. माझी पेन्शन 38,000 आहे. काय करावं?

उत्तर: ताई, कर्ज काढू नका आणि कुलमुखत्यारपत्रावर सहीही करू नका. निदान आत्ता तरी नाही.

नगरपरिषदेने जाहीर केलाय तो फक्त प्रस्ताव. मंजूर विकास आराखड्यात असा फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली होतो. आधी सूचना प्रसिद्ध होते, हरकतींसाठी एक महिना मिळतो, मग सुनावणी होते आणि शेवटी प्रस्ताव शासनाकडे जातो. शासनाची मंजुरी येईपर्यंत तुमची जमीन निवासीच. एजंट मात्र तुम्हाला आजच वाणिज्य जमिनीचा हिशेब मांडून दाखवतोय.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही. डिसेंबर 2020 पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये, म्हणजे एकत्रित बांधकाम नियमावलीत, समोरचा रस्ता पुरेसा रुंद असेल तर निवासी विभागातही कार्यालयं, बँका, दवाखाने चालतात. म्हणजे तुमच्या बाबतीत झोनइतकंच, कदाचित जास्तच, वजन रस्त्याच्या रुंदीला आहे. नगरपरिषदेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा आणि आराखड्यात तुमच्यासमोरचा रस्ता किती मीटरचा दाखवलाय ते बघा. रुंदीकरण प्रस्तावित असेल तर गडग्यापासून (दगडी कुंपणापासून) आत काही जागा रस्त्यात जाणार, तिच्या मागे सामासिक अंतर, म्हणजे बांधकामाभोवतीची मोकळी जागा, सोडायचं आणि ऑफिसांसाठीचं पार्किंगही तुमच्याच आवारात बसवायचं. एवढं सोडल्यावर जुन्या घराला धक्का न लावता 2,600 फूट बसतात का, हे एजंटने नाही, परवानाधारक आर्किटेक्टने कागदावर काढून दाखवायला हवं.

आता भाड्याचं. ऑफिसची जागा आपल्याकडे घेतं कोण? बँकेची शाखा, पतसंस्था, विमा कंपनी, लॅब, क्लास, सीए, वकील, एखादं सरकारी कार्यालय. यातल्या बऱ्याच जणांना तळमजलाच हवा असतो. लिफ्ट नसलेला वरचा मजला कोकणातल्या छोट्या शहरात महिनोन्‌महिने कुलूपबंद राहतो. आणि झोन तुमच्या एकटीसाठी बदलत नाहीये. जी मुभा तुम्हाला मिळेल ती अख्ख्या पट्ट्याला मिळेल. शेजारच्या सहा-सात जणांनीही गाळे बांधले तर तेवढेच भाडेकरू तुमच्या सगळ्यांत वाटले जातील आणि दर तेच ठरवतील. महामार्गाचा भरवसाही धरू नका. मुंबई-गोवा महामार्गावर झाराप-पत्रादेवी हा बाहेरून जाणारा रस्ता झाला आणि सावंतवाडी शहर महामार्गाच्या बाजूला पडलं, हे आपण पाहिलंय.

35 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण 47,200 रुपये बसतो. दोन्ही मजले 70,000 ला गेले तर निभावेल. फक्त तळमजला 40,000 ला गेला तर दरमहा 7,200 रुपये पेन्शनमधून घालायचे, शिवाय बिगरनिवासी दराची घरपट्टी, विमा आणि पावसाळ्यातली गळती. भाडेकरू मिळेपर्यंतच्या काळात तर तुमच्या 38,000 पेन्शनला 47,200 चा हप्ता झेपणारच नाही. हेच 25 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत, तर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 51,250 रुपये येतात, म्हणजे महिन्याला 17,000 च्या आसपास. त्यावर कर लागू शकतो, पण झोप उडत नाही. फंडाचे पैसे तुमच्या म्हातारपणासाठी आहेत, ते दुसऱ्याच्या अंदाजावर लावू नयेत असं मला मनापासून वाटतं.

याहून मोठी अडचण भावाच्या नावाची आहे. जागा सामाईक असताना तुमच्या पैशाने उभी राहिलेली इमारत उद्या वाटणीत कोणाची, यावरून सख्ख्या भावंडांत वर्षानुवर्षं दावे चालतात. बँकही त्याच्या सहीशिवाय जागा तारण घेणार नाही. तो गणपतीला येईल तेव्हा आरती-प्रसाद आटोपल्यावर निवांत बसून बोला. वाटणीपत्र करा किंवा तुमच्या नावे हक्कसोडपत्र घ्या, पण जे काही असेल ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. तोंडी कबुलीवर एक चिराही रचू नका.

बिल्डरचं लवकर आटोपतो. मंजुरीआधी कुलमुखत्यारपत्र दिलंत तर मंजुरीचा फायदा त्याचा आणि थांबण्याचा त्रास तुमचा. बोलायचंच असेल तर नोंदणीकृत विकसन करारावर बोला, ज्यात झोन मंजूर न झाल्यास करार रद्द आणि ठरलेल्या मुदतीत गाळे न दिल्यास भरपाई, असं स्पष्ट लिहिलेलं असेल. नोंदणीकृत विकसन करारात व्यक्तींना भांडवली नफ्याचा कर साधारणपणे पूर्णत्वाचा दाखला मिळतो त्या वर्षी लागतो, ही जमेची बाजू. पण वाट्याला ऑफिसं आली तर घर घेतल्यावर मिळणारी करसवलत त्यावर मिळत नाही. पुढेमागे सगळंच विकायचं ठरलं तर 1 एप्रिल 2001 च्या किमतीचा नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आधी करून घ्या. नफ्यावर सरळ 12.5 टक्के की महागाई निर्देशांकाने मूळ किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर 20 टक्के, यात कमी कर कुठे बसतो ते त्यावरून कळेल.

आळीतल्या वादाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. मागच्या घरांचा विरोध निव्वळ मत्सरातून आलेला नाही. ऑफिसांच्या गाड्या त्यांच्या पाखाडीच्या (पायवाटेच्या) तोंडाशी लागतील आणि पुढे भराव पडला तर वहाळाचं (ओढ्याचं) पाणी त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, शिरेल. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुराने काय झालं ते कोण विसरलंय? तुमची जागा नदीच्या पूररेषेत येते का तेही याच फेरीत विचारून घ्या, कारण निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, झोन कोणताही असला तरी बांधकाम अडतं. महिनाभराच्या मुदतीत तुम्ही लेखी सूचना जरूर द्या: वहाळ बुजवू नये, पार्किंग आवारातच असावं, विहिरींपासून सांडपाण्याच्या टाक्यांचं अंतर पाळावं. अशी सूचना दिली म्हणून प्रस्तावाला तुमचा विरोध ठरत नाही. आणि झोन बदलला तरी राहतं घर सोडावं लागत नाही, हेही शेजाऱ्यांना सांगा.

भाड्याची कमाई हवीच असेल तर नगरपरिषदेत विचारून आणि भावाची लेखी संमती घेऊन रस्त्याकडच्या दोन खोल्या एखाद्या क्लासला किंवा सीएला अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने द्या. डागडुजीला दोन-अडीच लाख पुरतील. दर काय मिळतो, पावसाळ्यात माणूस टिकतो का, हे वर्षभरात कळेल. शासनाची मंजुरी, वाटणीचा कागद आणि तळमजल्यासाठी एखाद्या बँकेचं किंवा कंपनीचं लेखी पत्र, या तिन्ही गोष्टी हातात आल्या की पुन्हा लिहा. तेव्हा कर्जाचा हिशेब नव्याने मांडू, आणि तेव्हाही तुमच्या 25 लाखांपैकी दहाच्या वर हात लावायचा नाही या अटीवर.